दहा मिनिटं, एक पान आणि शाळेबाहेर उभी राहिलेली ८०० मुलं

(हा एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोललेलं जवळपास तसंच ठेवलंय, मधले "अं..." तेवढे काढलेत.)

हेडफोन लावलेत ना? चला मग, सुरू करूया.

आजचा विषय आहे शाळेतल्या मुलांना कविता लिहायला शिकवणं. हे ऐकून काही जणांचा अंगठा पुढच्या एपिसोडकडे वळलाही असेल. जरा थांबा. या गोष्टीत एक कोल्हा आहे, एक रेडिओ आहे, नोकरीवरून काढलेला एक तरुण शिक्षक आहे. आणि त्या शिक्षकासाठी लंडनमध्ये भर पावसात संपावर गेलेली ८०० शाळकरी मुलं आहेत. भांडण कशावरून झालं? तर मुलांनीच लिहिलेल्या कवितांच्या एका पातळशा पुस्तकावरून.

मी दिवसभर कोड लिहिते, कविता नाही. पण ही गोष्ट वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. म्हणून आज ती तुमच्यासमोर.

आपल्याला कविता भेटली कशी?

आधी जरा आपली शाळा आठवूया. बाई कविता वाचून दाखवायच्या, कधी चाल लावायच्या. मग फळ्यावर शब्दार्थ. नववी-दहावीत रसग्रहण आलं: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं. गाईडमधून तीन परिच्छेद पाठ केले की काम झालं.

आणि उपयोजित लेखन? त्यात पत्र यायचं, बातमी यायची, जाहिरात यायची, कथा यायची. छत्रीच्या दुकानाची नाहीतर उन्हाळी शिबिराची जाहिरात आपण सगळ्यांनी लिहिलीये. पण "या विषयावर कविता लिहा" असा प्रश्न पेपरात काही आला नाही.

यात पेपर काढणाऱ्यांना दोष देऊन चालणार नाही. कविता तपासणार कशी? पत्राला मायना असतो, जाहिरातीला मुद्दे असतात, त्यांना मार्क देता येतात. बारा वर्षांच्या मुलीने आजीच्या हातांवर चार ओळी लिहिल्या, तर त्याला पाचपैकी साडेतीन कशाच्या आधारावर देणार? त्यामुळे शाळा सोपा रस्ता धरते. कविता वाचायची, समजून घ्यायची, तिचं कौतुक करायचं. लिहायची मात्र कवींनी.

ही फक्त आपली अडचण नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्येही तीच होती. आपली गोष्ट तिथेच सुरू होते.

अकराव्या वर्षी लागणारा निकाल

१९४४ साली ब्रिटनमध्ये शिक्षणाचा नवा कायदा झाला. माध्यमिक शिक्षण सगळ्यांना मोफत मिळू लागलं. पण त्यानंतर बहुतेक ठिकाणी काय व्हायचं? वयाच्या अकराव्या वर्षी मुलांची एक परीक्षा घ्यायचे, तिचं नाव इलेव्हन-प्लस. जी मुलं पास होतील ती ग्रामर स्कूलमध्ये, म्हणजे पुढे युनिव्हर्सिटीच्या वाटेला. उरलेली, आणि उरलेली म्हणजे बहुसंख्य, जायची सेकंडरी मॉडर्न शाळेत. तिथून पंधराव्या वर्षी बाहेर पडायचं आणि कारखाना, गोदी, दुकान, मिळेल ते काम धरायचं.

म्हणजे बघा, अकरा वर्षांच्या पोराला सिस्टिम सांगून मोकळी व्हायची की तू "डोक्याचा" नाहीस. आता या मुलाला कविता कशाला शिकवायची? कामाला येईल एवढं वाचता-लिहिता आलं, बास झालं. असा विचार करणारी बरीच माणसं होती.

१९५६-५७ मध्ये केंब्रिजच्या अशाच एका सेकंडरी मॉडर्न शाळेत एक तरुण काही काळ मुलांना इंग्रजी आणि नाटक शिकवत होता. त्याचं नाव टेड ह्यूज. पुढे १९८४ मध्ये ते ब्रिटनचे राजकवी झाले. सिल्व्हिया प्लाथचे नवरे म्हणून तुमच्यातल्या काहींना हे नाव माहीत असेल. त्यांच्या संसाराची गोष्ट वेगळी आणि खूप दुःखाची आहे, तिच्यात आज शिरत नाही. आज आपल्याला हवेत ते मास्तर ह्यूज.

तेव्हाचा पॉडकास्ट

बीबीसी १९२४ पासून शाळांसाठी रेडिओ कार्यक्रम करत होती. ठरलेल्या वेळी वर्गात रेडिओ लागायचा आणि सगळा वर्ग एकत्र ऐकायचा. शिक्षकांसाठी वेगळ्या छापील सूचना असायच्या. फरक एवढाच की आपल्यासारखं मागे-पुढे करता यायचं नाही.

१९६० च्या दशकात यातला एक कार्यक्रम होता 'लिसनिंग अँड रायटिंग'. ऐका आणि लिहा. त्यात ह्यूज यांनी दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी भाषणं केली. म्हणजे आपल्याकडची पाचवी ते नववी. ही भाषणं १९६७ मध्ये 'पोएट्री इन द मेकिंग' नावाच्या पुस्तकात आली. पुस्तक लहानसं आहे आणि आजही वाचलं जातं.

तर हा माणूस रेडिओवरून लाखभर अनोळखी पोरांना कविता काय शिकवणार? वृत्त? अलंकार? ते सोडून त्यांनी सुरुवात केली उंदरांपासून.

ह्यूज मूळचे यॉर्कशरचे. लहानपण शेतात, ओढ्याकाठी, मोठ्या भावाच्या मागे फिरण्यात गेलं. भाऊ शिकार करायचा आणि हे पडलेलं सावज आणून द्यायचे. पहिल्या भाषणात ते मुलांना सांगतात, की सुगीच्या दिवसांत पेंढ्या उचलल्या की खाली उंदीर असायचे. ते धरून मी कोटाच्या अस्तरात कोंबायचो. तीस-चाळीस उंदीर अंगावर वळवळत असायचे!

पुढे ते म्हणतात की पंधराव्या वर्षाच्या सुमारास माझं जनावरं पकडणं सुटलं आणि मी कविता लिहायला लागलो. खूप नंतर कळलं की दोन्ही एकच काम आहे. कविता हेही एक जनावर आहे. तिला स्वतःचा जीव असतो, स्वतःची चाल असते. एखादा शब्द कमी-जास्त झाला की ती लंगडी होते किंवा मरते.

मग येते कोल्ह्याची गोष्ट. ह्यूज यांना लहानपणी कोल्ह्याचं पिल्लू पाळायचं होतं, ते काही जमलं नाही. दोनदा शेतकऱ्याने पिल्लं मारून टाकली. एकदा कोंबड्या पाळणाऱ्याने पिल्लू सोडून दिलं, आणि बाहेर त्याचा कुत्रा टपलेलाच होता. बरीच वर्षं गेली. लंडनमधल्या एका उदास भाड्याच्या खोलीत, बर्फ पडत असलेल्या रात्री, वर्षभर काहीच न लिहिलेल्या या माणसाने काही मिनिटांत एक कविता लिहिली. 'द थॉट-फॉक्स'. ती १९५७ च्या त्यांच्या पहिल्या संग्रहात आहे. मुलांना ते सांगतात की हा कोल्हा मात्र कोणी मारू शकत नाही. कोणीही ती कविता वाचली की तो अंधारातून पुन्हा चालत येतो.

कल्पना करा, तुम्ही बारा वर्षांचे आहात, परीक्षेने तुम्हाला "दुसऱ्या रांगेत" टाकलंय आणि रेडिओवरचा हा माणूस म्हणतोय, की तुम्ही जो उंदीर, जो कोल्हा, जो काका बघितलाय ना, तो कवितेत येऊ शकतो. तुमच्याच शब्दांत.

नियम अगदी साधे

आता मेथड बघूया, कारण इंजिनिअर म्हणून मला तीच जास्त आवडली.

पहिली गोष्ट: जे लिहायचंय ते आधी डोळ्यांसमोर आणायचं. गणित सोडवल्यासारखं डोकं खाजवत बसायचं नाही. ती वस्तू बघायची, हात लावून बघायची, वास घ्यायचा, आवाज ऐकायचा, तीच होऊन जायचं. शब्दांकडे लक्ष ठेवायला लागलात की गाडी अडकते. वस्तूकडे लक्ष ठेवलंत की शब्द मागून येतात.

दुसरी गोष्ट: शब्दांना इंद्रियं असतात. काही शब्द ऐकू येतात, काही दिसतात, काहींना चव असते. ह्यूज इंग्रजी शब्द देतात, आपण मराठी घेऊ. 'करकर' ऐकू येतं. 'बुळबुळीत' हाताला लागतं. 'कुबट' नाकात जातं. 'तुरट' म्हटलं की जीभ आखडते. आता 'सुंदर' म्हणून बघा. काही झालं? नाही ना. म्हणूनच शाळेच्या निबंधात सगळं सुंदर असायचं आणि त्यातलं काहीच लक्षात राहायचं नाही.

तिसरी गोष्ट: वेळ आणि जागा बांधून घ्यायची. शिक्षकांसाठीच्या टिपांमध्ये त्यांनी सुचवलं होतं की मुलांना दहा मिनिटंच द्या आणि कागदाची एकच बाजू. अशी कृत्रिम मर्यादा घातली की डोकं अचानक जागं होतं. नेहमी आडवे येणारे विचार, म्हणजे "हे बरोबर आहे का", "बाई काय म्हणतील", त्यांना मध्ये यायला वेळच उरत नाही. आमच्याकडे याला टाइमबॉक्स म्हणतात. डेडलाइनच्या आदल्या रात्री कामाचा वेग का वाढतो, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको!

चौथी गोष्ट मला सगळ्यात खोल वाटते. 'विचार करायला शिकणं' या भाषणात ह्यूज गळ टाकून मासे धरण्याबद्दल बोलतात. दोरीला लावलेलं बूच पाण्यावर तरंगत असतं. तुम्ही तासन्‌तास त्या एका ठिपक्याकडे बघत राहता. मन शांत होतं, पण झोपत नाही. पाण्याखाली जे हलतंय त्याची चाहूल लागायला लागते. विचारही असेच धरायचे असतात, म्हणे. आणि याचा सराव म्हणून एखादी लहान वस्तू घ्यायची आणि काही मिनिटं फक्त तिच्याकडे बघत बसायचं.

पाच मिनिटं एका वस्तूकडे बघणं. रील न बदलता. करून बघा, घाम फुटतो.

पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी आपली भूमिका साधेपणाने मांडलीये. कोणत्याही मुलात व्यक्त होण्याची ताकद अफाट असते, हे गृहीत धरून ते चाललेत. आणि त्यांना "कसं लिहावं" शिकवण्यापेक्षा, आपल्याला खरंच जे म्हणायचंय ते म्हणायचा प्रयत्न कसा करावा, हे शिकवायचंय. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा. थोड्या वेळाने तेच महागात पडणार आहे.

आणि यमक?

मध्येच एक छोटा फाटा. "यमक जुळलं नाही तर ती कविता कसली?" हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर त्याचं उत्तर अटलांटिकच्या पलीकडे आहे.

१९६८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये केनेथ कोच नावाच्या कवीने मॅनहॅटनमधल्या पी. एस. ६१ या सरकारी शाळेत शिकवायला सुरुवात केली. ही मुलं आणखी लहान होती, प्राथमिकची. त्याची युक्ती गमतीशीर होती. सगळ्या वर्गाने मिळून एक कविता करायची. प्रत्येकाने एकच ओळ द्यायची, आणि ती "मला वाटतं की असं व्हावं..." या अर्थाच्या शब्दांनी सुरू व्हायला हवी. ओळीत एक रंग हवा, एक कॉमिकमधलं पात्र हवं आणि एक शहर किंवा देश हवा. यमक मात्र नको. कारण यमक शोधायला लागलं की मूल आपल्याला काय म्हणायचंय ते सोडून देतं आणि जुळेल ते लिहितं. 'पाऊस' आला की 'हौस' येणारच!

कोच यांचं पुस्तक १९७० मध्ये आलं आणि अमेरिकेत बऱ्याच शिक्षकांनी ही पद्धत उचलली. वर्ग हसतखेळत कविता लिहू लागले.

इथवर सगळं छान चाललंय, नाही का? कोल्हे, वारा, चंद्र, रंग, कॉमिक्स. कोणाला त्रास नाही. पण मुलांना "बघा आणि खरं म्हणा" सांगितलं आणि त्यांच्या खिडकीतून कोल्हा दिसतच नसेल तर? खिडकीतून पडकी भिंत दिसत असेल तर?

आता परत लंडनला जाऊ. साल १९७१.

स्टेपनी

लंडनच्या पूर्वेला, थेम्स नदीच्या जवळ स्टेपनी नावाची वस्ती आहे. गोदी कामगारांची, शिवणकाम करणाऱ्यांची, बाहेरून आलेल्यांची. आयरिश आले, ज्यू आले, पुढे कॅरिबियनमधून आणि बंगालमधून माणसं आली. महायुद्धात जर्मन बॉम्बनी हा भाग झोडपून काढला होता. १९६० च्या दशकाच्या शेवटी जवळच्या जुन्या गोद्या बंद पडू लागल्या. जुन्या चाळवजा घरांच्या रांगा पाडून उंच इमारती उभ्या राहत होत्या.

इथल्या सर जॉन कॅस अँड रेडकोट या चर्चशी जोडलेल्या माध्यमिक शाळेत ख्रिस सर्ल नावाचे शिक्षक इंग्रजी शिकवायला आले. वय जेमतेम २६-२७, म्हणजे आपल्यातल्या अनेकांएवढंच. त्याआधी ते कॅरिबियनमधल्या टोबॅगो बेटावर शिकवून आले होते. स्वतः कविता लिहायचे.

रॉन मॅककॉर्मिक नावाचे फोटोग्राफर तेव्हा ईस्ट एंडचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढत होते. गल्ल्या, दारं, म्हातारी माणसं, खेळणारी पोरं. सर्ल यांनी हे फोटो वर्गात लावले. मुलांना वर्गाबाहेर, आसपासच्या रस्त्यांवर नेलं. आणि सांगितलं, की हे तुमचं आहे, याच्याबद्दल लिहा.

ह्यूज आणि सर्ल ही तशी दोन वेगळ्या जातकुळीची माणसं. एक जंगलाकडे तोंड केलेला, दुसरा राजकारणाकडे. पण मुलांना दिलेली सूचना एकच होती: बघा, आणि जे दिसलं ते तुमच्या शब्दांत म्हणा.

मुलांनी बघितलं आणि लिहिलं. राखाडी रस्त्यांबद्दल लिहिलं. एकटेपणाबद्दल लिहिलं. ज्यांच्याकडे कोणी येत नाही अशा म्हाताऱ्यांबद्दल लिहिलं. इथून निघून जावंसं वाटतं, असं लिहिलं. अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलांनी.

सर्ल यांना वाटलं की हे पुस्तकात यायला हवं. संस्थाचालकांना कविता दाखवल्या, तर त्यांनी नकार दिला. आक्षेप काय होता? कविता फार उदास आहेत. शाळेचं आणि वस्तीचं हे कसलं चित्र? सर्ल यांनी तरीही पुस्तक काढलं. 'स्टेपनी वर्ड्स', १९७१. मुलांच्या कविता आणि मॅककॉर्मिक यांचे फोटो.

संस्थेने त्यांना नोकरीवरून काढलं.

पावसातला संप

आणि मग मे १९७१ च्या शेवटी जे झालं ते शाळेत कोणालाच अपेक्षित नव्हतं. शाळेची घंटा झाली आणि मुलं आत गेलीच नाहीत. जवळपास ८०० मुलं गेटबाहेर पावसात उभी. हातात घरी बनवलेले फलक. मागणी एकच, आमच्या सरांना परत घ्या.

मोबाइल नाही, ग्रुप नाही, फॉरवर्ड नाही. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. पुढे मुलांचा मोर्चा लंडनच्या मध्यभागी, ट्राफलगर चौकापर्यंत गेला. वर्तमानपत्रांनी बातमी उचलली. ज्या कविता कोणी वाचू नयेत म्हणून एवढं केलं, त्यांच्याबद्दल आता देशभर चर्चा सुरू झाली. पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या. एरवी नामवंत कवींच्या संग्रहालाही असं भाग्य क्वचितच लाभतं.

आता जरा संस्थाचालकांच्या खुर्चीत बसून बघू. त्यांची बाजू अगदीच टाकाऊ होती का? शाळेचं नाव आपल्या जिवावर चालतं, असं त्यांना वाटत असणार. "आमच्या पोरांचं दुःख मांडून कोण नाव कमावतंय?" हा प्रश्नही विचारण्यासारखा आहे. शिक्षकाचं स्वतःचं राजकारण मुलांच्या वहीत उतरत नाही ना, हे तपासायला हवंच. सर्ल डाव्या विचारांचे होते, ते त्यांनी कधी लपवलं नाही.

पण एक गोष्ट बघा. कविता खोट्या आहेत, हा आक्षेप नव्हता. आक्षेप होता की त्या उदास आहेत. म्हणजे मुलांनी आनंदी कविता लिहिल्या असत्या तर चाललं असतं. ज्या घरात ओल आहे तिथल्या मुलाने इंद्रधनुष्यावर लिहावं. पण मग "जे खरंच म्हणायचंय ते म्हणा" या वाक्याचं काय करायचं? ते वाक्य फक्त कोल्ह्यापुरतं होतं का?

मला वाटतं या सगळ्या इतिहासाची मेख इथे आहे. मुलाला कविता लिहायला शिकवणं म्हणजे त्याला बघायला शिकवणं. आणि एकदा ते बघायला शिकलं की त्याने कुठे बघायचं, हे ठरवणं मोठ्यांच्या हातात राहत नाही. गणित शिकवताना हा धोका नसतो. निबंध शिकवतानाही फारसा नसतो, कारण तिथे मुद्दे आपणच दिलेले असतात. कवितेत मुद्दे द्यायचे नसतात. तिथे मूल स्वतःचे मुद्दे घेऊन येतं.

पुढे काय झालं?

शिक्षकांची संघटना सर्ल यांच्या बाजूने उभी राहिली. प्रकरण दोन वर्षं चाललं. शेवटी त्यांना परत घ्यावं लागलं, आणि हे घडलं तेव्हा ब्रिटनच्या शिक्षणमंत्री कोण होत्या माहितीये? मार्गारेट थॅचर. पुढच्या पंतप्रधान, डाव्यांच्या कट्टर विरोधक. इतिहासाची विनोदबुद्धी चांगली असते. सर्ल परतले, पण त्या शाळेत फार काळ राहिले नाहीत.

मुलांचं काय? त्यांच्यापैकी काही जण लिहीत राहिले. १९७३ च्या सुमारास केबल स्ट्रीटवरच्या जुन्या टाउन हॉलच्या तळघरात एक लेखन गट सुरू झाला. नाव पडलं 'बेसमेंट रायटर्स', तळघरातले लेखक. हा तोच केबल स्ट्रीट, जिथे १९३६ मध्ये लोकांनी रस्ता अडवून फॅसिस्टांचा मोर्चा रोखला होता. शाळा सोडलेली, नोकरी करणारी पोरं संध्याकाळी तिथे जमून आपलं लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवायची. १९७६ मध्ये ब्रिटनभरातल्या अशा कामगारवस्तीतल्या लेखन गटांचं एक फेडरेशनही उभं राहिलं.

ह्यूज यांच्या बाजूचाही एक धागा पुढे गेला. १९६८ मध्ये जॉन मोट आणि जॉन फेअरफॅक्स या दोन कवींनी आर्व्हन नावाची संस्था काढली. शाळेतल्या मुलांना काही दिवस कवींबरोबर राहून लिहायची संधी मिळावी, ही मूळ कल्पना. ह्यूज सुरुवातीला साशंक होते, नंतर खंदे समर्थक झाले. यॉर्कशरमधलं लंब बँक हे त्यांचं घर १९७५ पासून आर्व्हनचं केंद्र झालं.

आणि ती शाळा? तिच्या नावातले सर जॉन कॅस हे लंडनचे मोठे व्यापारी, गुलामांच्या व्यापारात गुंतलेले. २०२० मध्ये या इतिहासाची चर्चा पेटली आणि शाळेने नाव बदललं. आता ती 'स्टेपनी ऑल सेंट्स' आहे. ज्या नावाची अब्रू जाईल अशी काळजी होती, ते नाव शाळेने स्वतःच खाली उतरवलं. 'स्टेपनी वर्ड्स'ची आठवण मात्र लोक अजून काढतात.

आता आपल्याकडे बघू

तुम्ही म्हणाल, आता कोण कशाला कविता शिकवेल? फोनवर एक प्रॉम्प्ट टाकला की पावसावर, आईवर, भारतमातेवर, पाहिजे त्या विषयावर वीस ओळी तयार. यमकासकट.

खरंय. कविता नावाचं प्रॉडक्ट हवं असेल तर ते आता फुकट आहे. पण ह्यूज यांच्या त्या दहा मिनिटांत कागदावर काय उतरलं याला दुय्यम किंमत होती. त्या दहा मिनिटांत एक बारा वर्षांचं मूल एका गोष्टीकडे नीट बघत होतं आणि तिच्यासाठी स्वतःचा शब्द शोधत होतं. ते काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही, जसं माझ्या वाटचा व्यायाम तुम्ही करू शकत नाही. स्टेपनीतल्या मुलांच्या कविता एखाद्या समीक्षकाला कच्च्या वाटतील. पण त्यातली वस्ती त्यांनी स्वतः बघितलेली होती, आणि ते सांगता आलं म्हणूनच ती पोरं दुसऱ्या दिवशी पावसात उभी राहू शकली, असं मला वाटतं.

आपल्या श्रोत्यांमध्ये बरेच शिक्षक आहेत, डी.एड., बी.एड. करणारे आहेत, शनिवार-रविवार वस्तीतल्या मुलांना शिकवायला जाणारे आहेत. तुम्हाला हे उद्याच करता येईल. खर्च शून्य. मुलांना पाऊस, आई, झाड असे विषय देऊ नका, ते डोक्यात आधीच लिहून तयार असतात. त्याऐवजी म्हणा, घरातला असा आवाज आठव जो फक्त तुझ्या घरात येतो. किंवा शाळेत येताना रोज दिसणारी एक वस्तू घे. दहा मिनिटं, एक बाजू, यमक नाही, 'सुंदर' शब्दाला बंदी. शुद्धलेखन आज तपासायचं नाही, उद्या तपासू. लिहून झालं की ज्याला वाचायचंय त्याने वाचावं, नको असेल त्याने घडी करून खिशात ठेवावं.

आणि एक तयारी आधीच करून ठेवा. कोणीतरी असं काही लिहील जे ऐकून तुम्हाला काय बोलावं ते कळणार नाही. बाबांच्या पिण्याबद्दल लिहील. वर्गात आपल्या शेजारी कोण बसत नाही, त्याबद्दल लिहील. तेव्हा "छान, पण जरा आनंदी लिही ना" एवढं वाक्य तेवढं टाळा. १९७१ मध्ये एका शाळेत ते म्हणून झालंय. आधी "तू सांगितलंस ते बरं झालं" म्हणा, आणि त्या मुलाला मदतीची गरज असेल तर वर्ग संपल्यावर बाजूला बसून बोला.

बाकीच्यांसाठी, म्हणजे लोकलमध्ये, बसमध्ये, ऑफिसच्या पॅन्ट्रीत हे ऐकणाऱ्यांसाठी, या आठवड्याचा होमवर्क. फोनवर दहा मिनिटांचा टायमर लावा. समोरची एकच गोष्ट निवडा. चहाचा कप, शेजारच्याची चप्पल, खिडकीची जाळी, काहीही. आधी पाच मिनिटं फक्त बघा, मग पाच मिनिटं लिहा. कोणाला दाखवायची गरज नाही. स्टेटसला तर मुळीच टाकू नका.

पुढच्या आठवड्यात भेटूया, नव्या गोष्टीसह. तोपर्यंत काळजी घ्या. येतो!